सेक्टर टेनच्या काकू पुण्याला निघतात

१ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. देशातल्या बाकी प्रवाशांचं त्यात काय बिघडलं ते त्यांना ठाऊक. भिलाईच्या सेक्टर टेनमधल्या काकूंवर मात्र धडधडीत अन्याय झाला. दुर्ग ते पुणे, आझाद हिंद एक्स्प्रेस, असं तिकीट हाती पडलं की त्याच संध्याकाळी माळ्यावरून बॅग उतरवायची, ही काकूंची रीत. बॅग भरायला पूर्वी चार महिने मिळत, आता दोनच. "इतक्या घाईत काय भरणार, कप्पाळ?" असं काकू विचारतात, आणि विचारताना चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नसतो.

या काकू म्हणजे कोणी एक बाई नव्हेत. सेक्टर टेनमध्ये पेरूचं झाड आणि दारावर मराठी पाटी असं क्वार्टर दिसलं की आत काकू आहेतच असं समजावं. यजमान भिलाई स्टील प्लांटमध्ये. मुलगी सेक्टर टेनच्याच शाळेत शिकून इंजिनिअर झालेली आणि आता हिंजवडीला. माहेर नागपूरचं, नाहीतर रायपूर-बिलासपूरच्या एखाद्या जुन्या मराठी घराण्यातलं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर १८५४पर्यंत होता. त्या काळात आलेली काही घरं इथेच रुजली. त्यामुळे काकूंचं मराठी शुद्ध, पण भाजीवाल्याशी हिंदी, धुणंभांडीवालीशी छत्तीसगढी आणि काकांशी यातलं जे आधी तोंडात येईल ते.

आता खरी गंमत अशी, की सेक्टर टेनमध्ये काकूंना कपड्यांची काडीची चिंता नसते. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं आणि देशातल्या एकूण एक प्रांतातून माणसं इथे राहायला आली. काकूंच्या डाव्या हाताला बंगाली वहिनी, उजव्या हाताला तेलुगू आंटी, समोर केरळचं कुटुंब. कोणी काय नेसावं याचा इथे एक कायदा होऊच शकला नाही. मॅक्सीवर ओढणी टाकून काकू मार्केटमधून कोथिंबीर आणतात, साडीवर स्पोर्ट्स शूज घालून पहाटे कॉलनीच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवरून चार फेऱ्या मारतात, आणि वाटेत भेटलेल्या मोठ्या साहेबांच्या मिसेसनाही तेवढ्यावरच नमस्ते करतात. आजवर त्यांना कोणी वरपासून खालपर्यंत न्याहाळलेलं नाही.

पुण्यात मात्र न्याहाळतात. निदान काकूंची तशी पक्की समजूत आहे, आणि त्या समजुतीला सदाशिव पेठेत राहणाऱ्या चुलत जाऊबाई जबाबदार आहेत. लग्नानंतर काकू पहिल्यांदा पुण्याला गेल्या, तेव्हा जाऊबाईंनी त्यांची पर्स हातात घेऊन, उलटीपालटी करून विचारलं होतं, "अय्या, तिकडे मिळतं का गं असं?" हे 'तिकडे' रायपूरपासून बस्तरपर्यंत कुठेही असू शकतं. छत्तीसगड राज्य होऊन पाव शतक उलटलं, तरी जाऊबाई अजून "तुमच्या एमपीत" असंच म्हणतात. त्या एका प्रश्नाचं उत्तर काकू तेव्हापासून बॅगेत भरून नेत आहेत. दरवर्षी उत्तर लांबत जातं आणि बॅगेची चेन तुटते.

तिकिटाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर ढीग पडायला सुरुवात होते. त्यानंतर पाहुणा आला तर तो हॉलमध्ये झोपतो.

पहिला ढीग 'गाडीच्या कपड्यां'चा. हा प्रकार पुण्यामुंबईच्या लोकांना माहीत नाही, कारण त्यांचे प्रवास छोटे. आझाद हिंद दुर्गहून सुटली की पुणे दुसऱ्या दिवशी. डोंगरगडला खिडकीतूनच बमलेश्वरीच्या डोंगराला हात जोडायचे, गोंदियानंतर डबा उघडायचा, नागपूरला मावसबहीण फलाटावर येऊन संत्र्यांची पिशवी देणार ती घ्यायची, रात्री वरच्या बर्थवर चढायचं. या सगळ्यासाठी एक जुना, गडद रंगाचा, डाग न दिसणारा, चुरगळला तरी आधीइतकाच दिसणारा पंजाबी ड्रेस लागतो. त्याला खिसा हवा. खिशात किल्ली, तिकीट, सुट्टे पैसे आणि बडीशेप. व्यवहाराच्या दृष्टीने काकूंच्या बॅगेतला हा सर्वोत्तम पोशाख, पण त्याचं आयुष्य नगरपर्यंतच. नगर मागे पडलं की काकू हळूच उठतात आणि पिशवीतून इस्त्रीचा कुर्ता काढतात. टॉयलेटपुढे रांग असते. भिलाई, राजनांदगाव, गोंदिया, भंडारा, प्रत्येक ठिकाणच्या काकू आपापला इस्त्रीचा कुर्ता छातीशी धरून उभ्या असतात. कोणी कोणाला काही विचारत नाही. हलत्या डब्यात, एका पायावर तोल सांभाळत, ओल्या जमिनीला सलवार टेकू न देता कपडे बदलायची जी कसरत या बायका करतात, तिला सर्कशीत चांगले पैसे मिळाले असते. आणि पुण्याच्या फलाटावर घ्यायला आलेली लेक? ती रात्रीच्याच पायजम्यावर जॅकेट चढवून आलेली असते.

दुसरा ढीग घरात घालायच्या कपड्यांचा. इथे मॅक्सीचा प्रश्न उभा राहतो. लेकीची सोसायटी चौदा मजली. कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडलं तरी समोर शेजारी, लिफ्टमध्ये आरसा, खाली वॉचमन आणि सगळीकडे कॅमेरे. "त्या कॅमेऱ्यात आपण मॅक्सीवर दिसायचं?" म्हणून काकू घरात घालायला नवे कुर्ते शिवतात. ते इतके चांगले निघतात की घरात घालवत नाहीत. ते तिसऱ्या ढिगात जातात आणि मॅक्सी मुकाट्याने दुसऱ्या ढिगात परत येते.

तिसरा ढीग बाहेरचा: लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मेट्रो, नाटक, आणि मध्येच दोन दिवस डोंबिवलीला नणंदेकडे. भिलाईची हवा कोरडी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा कांजी केलेलं कडक कॉटन हेच अंगाला सुख. काकूंची कॉटनची साडी दोरीवरून काढली की आपल्या पायावर उभी राहील इतकी ताठ असते. हा ताठा दादरपर्यंत टिकत नाही. समुद्राच्या दमट हवेत कांजी सैल पडते आणि निऱ्या पोटावर बसकण मारतात. नणंदबाई वर्षानुवर्षं लोकलने जातात. काळी लेगिंग, धुऊन रात्रीत वाळणारा सिंथेटिकचा कुर्ता, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना आणि पर्स पोटावर, असा त्यांचा गणवेश. "वहिनी, लोकलमध्ये आपण साडी नेसत नाही, साडी आपल्याला नेसते," असं त्यांनी एकदा सांगून ठेवलंय. काकूंना ते पटतं. तरी पुढच्या खेपेला त्या कांजीच्या दोन साड्या घेतातच. मुंबईला गेलं आणि कडक साडी नेसली नाही, तर इतकी वर्षं कांजी केली कशाला?

चौथा ढीग समारंभाचा. पुण्यात कोणाचा समारंभ आहे, हे निघताना ठरलेलं नसतं. पण असला तर? मुंज निघाली, डोहाळजेवण निघालं, कोणी हळदीकुंकवाला बोलावलं? म्हणून पैठणी, म्हणून नारायणपेठ. मुंज निघालीच तर मुंजीत घालायचे दागिने, आणि ते दागिने गाडीत सांभाळायचे म्हणून रात्रभर उघडे डोळे.

पाचवा ढीग सगळ्यांत मोठा. त्याचं नाव 'लागलं तर'. यात स्वेटर, शाल, छत्री, गरम पाण्याची पिशवी, एक जादा परकर, त्या परकराची एक जादा नाडी, नाडी ओवायची सळई, सुईदोरा, हूक, आणि ज्या साडीला हे सगळं लागू शकतं अशी एक साडी.

आता काका. काका रेल मिलमध्ये. तिथून निघणाऱ्या रुळाचं वजन मीटरला ६० किलो. काकूंची बॅग उचलली की ते मनातल्या मनात मीटर मोजतात. कारखान्याच्या मेन गेटमधून साधा नट बाहेर न्यायचा, तरी मटेरियल गेट पास लागतो आणि सीआयएसएफचा जवान तो बारकाईने बघतो. एका वर्षी काकांनी हीच शिस्त घरात आणली. रेघा आखून कागद केला: वस्तू, नग, कारण. काकूंनी वस्तू लिहिल्या, नग लिहिले आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच लिहिलं, 'लागलं तर'. खाली सही करायला काकांकडे कागद आला. अधिकाऱ्याने कधी सही करावी हे काकांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलेलं आहे. त्यांनी केली.

काकांची स्वतःची तयारी दहा मिनिटांची. चार शर्ट, दोन पँटी आणि कंपनीने दिलेले सेफ्टी शूज. या बुटांना पुढे पोलादी टोप असतो. पुणे मेट्रो २०२२ला सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनच्या दारातला डिटेक्टर काकांच्या पायांवर ओरडतो. जवान हटकतो, तेव्हा काका लाजत नाहीत. "साहेब, स्टील आपल्याच घरचं आहे," असं सांगून पाय पुढे करतात. काकू दहा पावलं पुढे जाऊन, आपण या गृहस्थांना ओळखत नाही, अशा चेहऱ्याने जाहिरात वाचत उभ्या राहतात.

थ्री एसीच्या प्रवाशाला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं, हा नियम काकूंना तोंडपाठ आहे. दोघांचे मिळून ८०. काकांचे सहा किलो वजा जाता उरलेले चौऱ्याहत्तर आपले, हे त्यांचं गणित. काका म्हणतात, "हा नियम करताना उचलणाऱ्याला विचारलं नव्हतं." एकदा लेकीने विमानाची तिकिटं काढली. रायपूरहून जायचं, सामान पंधरा किलो आणि हातातलं सात. त्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात काकू स्वेटर घालून, वर शाल पांघरून विमानतळावर आल्या, कारण अंगावरचं वजन धरत नाहीत. तेव्हापासून विमानाचं नाव काढलं की त्या म्हणतात, "पाखरासारखं जायचं ते ठीक. पण पाखरासारखं एकाच पिसाऱ्यावर राहायचं की काय?"

शेवटी लेक मध्ये पडली. ती स्वतः भिलाईला येते ती पाठीवर एक सॅक घेऊन. त्यात तीन टी-शर्ट, एक जीन्स, एक काळा कुर्ता, आणि यावर ती आठवडा काढून वर एका लग्नालाही जाऊन येते. तिने आईला व्हिडिओ कॉलवर बसवून शहाणपण सांगितलं. मोजकेच कपडे घ्यायचे, रंग एकमेकांना जुळणारे, म्हणजे कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालतो. १९७०च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ही कल्पना पुढे आणली, आणि १९८५ला न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने सात कपड्यांचा संच काढून ती गाजवली, हेही सांगितलं.

"सात?" काकू म्हणाल्या. "परकर धरून की सोडून?"

मग त्यांनी कपाट उघडून लेकीला चार ब्लाउज दाखवले. काळं, मरून, सोनेरी आणि बाटली-हिरवं. या चारांवर त्यांच्या पंधरा साड्या गेली वीस वर्षं चालल्या आहेत. काळ्यावर सहा, मरूनवर चार, सोनेरीवर समारंभाच्या झाडून सगळ्या. साडीला माप नाही, त्यामुळे वजन वाढो की घटो, ती बाद होत नाही. थंडीत पदर अंगभर घेतला की शाल, उन्हात डोक्यावर घेतला की टोपी. लंडनच्या बाईंनी जे दुकान टाकून सांगितलं, ते काकू महिन्याच्या खर्चात बसवण्यासाठी कधीपासून करत आहेत. लेक गप्प झाली. वादात काकू जिंकल्या, आणि जिंकल्याच्या आनंदात त्यांनी पंधराच्या पंधरा साड्या बॅगेत टाकल्या.

काकूंचा घोळ नेमका इथे आहे. शहरात वावरायला काय लागतं हे त्यांना पक्कं कळतं. गाडीतला खिशाचा ड्रेस, पहाटेचे स्पोर्ट्स शूज, चार ब्लाउजांचं गणित, यातलं काहीच त्यांना कोणी शिकवायला नको. पण बॅग भरताना खोलीत जाऊबाई येऊन उभ्या राहतात, सदाशिव पेठेतून न हलता. मग स्पोर्ट्स शूज बाहेर निघतात आणि टाचांच्या चपला आत जातात. "साडीवर बूट? जाऊबाई काय म्हणतील!" लक्ष्मी रोडवर तासाभरात त्या चपला चावतात, काकू पहिल्याच दुकानातून फ्लोटर्स घेतात, आणि परतीच्या बॅगेत पादत्राणांचा आणखी एक जोड वाढतो. गंमत म्हणजे मागच्या खेपेला काका पहाटे पर्वतीवर फिरायला गेले, तर समोरून जाऊबाई पायऱ्या उतरत होत्या. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून. काकांनी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा काकूंनी त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं.

काकूंच्या घरी कामाला येणारी बाई जवळच्या खेड्यातली. पलंगावरचे ढीग उचलून खालची फरशी पुसणं दोन महिने तिच्या नशिबी येतं. तिने एकदा पोतेरं पिळता पिळता विचारलं, "अतेक लुगरा काबर लेगत हव काकी? पुना म लुगरा नइ मिलय का?" एवढी लुगडी कशाला नेता, पुण्यात मिळत नाहीत का? काकूंना हसू आलं. इतकी वर्षं जो प्रश्न त्यांना पुण्यात विचारला जातो, तोच कोणीतरी पुण्याबद्दल विचारला होता.

आणि उत्तर त्याच बॅगेत होतं, अगदी तळाला, मलमलीत गुंडाळलेलं. चांपाचा कोसा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं हे रेशीम. रंगवलं नाही तरी मधासारखा सोनेरी रंग त्याचा स्वतःचाच. वजनाला हलकं, थंडीत ऊब देणारं. पुण्यात हळदीकुंकवाला काकू तो नेसून गेल्या, कारण पैठणीवरचं ब्लाउज सुनेच्या, म्हणजे पुतण्याच्या बायकोच्या, अंगावर गेलं होतं. जाऊबाईंनी पदर दोन बोटांत धरला, उलटापालटा केला, प्रकाशाकडे नेला. "किती सुरेख गं! कुठे मिळाली?"

"तिकडे," काकू म्हणाल्या आणि अत्तर लावून घ्यायला हात पुढे केला.

परतीच्या गाडीचा हिशेब काका करतात. नेलेल्यापैकी घातलं काय? दोन कुर्ते आलटून पालटून, खिशाचा ड्रेस, मॅक्सी आणि कोसा. बाकी साऱ्या घड्या जशा नेल्या तशा आल्या, फक्त त्यांच्या पोटात आता गोडा मसाला, मेतकूट आणि भाकरवडी आहे. चिनीमातीच्या बरणीला गुंडाळायला पैठणी कामी येते. काकू म्हणतात, "बघा, लागली की नाही?"

सेक्टर टेनमधल्या, आणि सेक्टर टेनसारख्या गावोगावच्या कॉलन्यांमधल्या तमाम काकूंना म्हणून एक विनंती आहे. आठवड्यासाठी शहरात जाताय ना? एका रंगसंगतीतले तीन कुर्ते, दोन सलवारी, गाडीसाठी खिशाचा ड्रेस, रात्री धुऊन सकाळी घालता येईल असं एक काहीतरी, एक शाल. पायात तुमचे रोजचे स्पोर्ट्स शूज, बॅगेत एक साधी चप्पल. कांजीचं कॉटन मुंबईला नेऊ नका. समारंभासाठी आपल्याकडची, तुमच्या भागातल्या मागावरची एकच चांगली साडी न्या आणि तिचं ब्लाउज कोणालाही देऊ नका. 'लागलं तर'चा ढीग घरीच राहू द्या; जे लागेल ते पुण्यात मिळतं. उरलेल्या जागेत सरगुज्याचा जीराफूल तांदूळ आणि रखियाच्या, म्हणजे कोहळ्याच्या, बड्या भरा. ते मात्र तिकडे सहज मिळत नाही.